पाळणाघरातली जुलाबाची साथ

काकूंच्या पाळणाघरात पंधरा दिवस झाले, जुलाब काही हटेनात. अकरा मुलांपैकी पाच आजारी. ताप नाही, रक्त नाही. पण शौच पातळ, तेलकट, घाण वासाचं. पोटं फुगलेली, खाण्यावरची वासना उडालेली. एकाचं तर वजन किलोभर उतरलं.

"जिने पुसणारीच्या पोरीनंच आणलं हे," एक आई म्हणाली. बाकीच्यांनी तिची री ओढली. काकूंनाही ते पटलं. पाळणाघर ओस पडलं तर खायचं काय? त्यांनी त्या पोरीच्या, चिमीच्या आईला दारातच अडवलं.

"उद्यापासून हिला आणू नकोस."

"पण काकू, हिला तर काहीच झालेलं नाही! कामावर जाताना ठेवू कुठे?"

काकूंनी दार लावून घेतलं.

चार दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या. एका मुलाच्या शौचाच्या तपासणीत जिआर्डिया नावाचा परजीवी सापडला होता. त्यांनी सगळ्यांचे नमुने मागवले, चिमीचे आणि काकूंचेही. तेही तीन वेगवेगळ्या दिवशींचे, कारण एका तपासणीत हा जंतू हुलकावणी देतो. मग त्या कोपऱ्यात बसून नुसतं बघत राहिल्या. काकूंनी लंगोट बदलला, बादलीत हात बुचकळले, पदराला पुसले आणि केळी सोलायला घेतली.

अहवाल आला. चिमीच्या नमुन्यांत काही नव्हतं. काकूंच्या होतं!

"अहो, माझं पोट एकदासुद्धा दुखलं नाही!"

"पुष्कळांना काहीच होत नाही, काकू. पण शौचातून जंतू पडत राहतात. हाताला लागतात, पाण्यात जातात, तिथून दुसऱ्याच्या तोंडात. तुम्हाला मुलांकडून लागला की मुलांना तुमच्याकडून, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

"मग सगळ्यांनी चिमीचंच नाव का घेतलं?"

"तुम्हीही घेतलंत ना? तुम्हीच सांगा."

 काकू तडक जिन्याकडे गेल्या. चिमीची आई तिसऱ्या मजल्यावर फडकं पिळत होती.

"चुकलं गं माझं. उद्यापासून आण तिला."

"आणि त्या आयांना कोण सांगणार?"

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या आयांसमोर काकूंनी अहवाल मोठ्यानं वाचला, स्वतःच्या नावासकट. दोघींनी मुलं काढून घेतली. बाकीच्यांपैकी एकीनं जिन्यात जाऊन चिमीच्या आईची माफी मागितली.

औषधं झाली, नळाशी साबण आला, पाणी उकळलं जाऊ लागलं. महिनाभरात साथ थांबली.

मंडळी, जंतू कुणाची पायरी बघून येत नाही. बोट दाखवताना आपण मात्र तेवढीच बघतो. हात साबणानं धुवा, पाणी उकळून प्या. आणि दुसऱ्याला दोष देण्याआधी तपासणी करून घ्या, स्वतःचीसुद्धा!