क्लिंकर्सचा घसा बसला तेव्हा

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो एक जुना ॲम्प्लिफायर. माणसाचा आवाज घ्यायचा आणि मोठा करून दूरवर पोहोचवायचा, एवढंच माझं काम. वेल्समधल्या एका कोळसाखाणीच्या खोऱ्यात माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत, जुन्या रेडिओत दिव्यांसारखे असत तसे. कळ दाबली की ते हळूहळू नारिंगी होत, सांजवात लावावी तसे.

मी कारखान्यातून थेट बेथेल चॅपलमध्ये आलो. तिथे रेव्हरंड एल्विन प्रॉसर प्रवचन करत. आधी ते साधं बोलत, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग प्रवचन रंगात येई, शब्दांना सूर फुटत आणि ते बोलता बोलता गाऊ लागत. तिकडे त्याला 'हुइल' चढली म्हणतात. खाणीतले राकट गडी डोळे मिटून डोलत. मला वाटे, मी पत्र्याचा डबा नाही, देवाच्या दारातली घंटा आहे.

पुढे माझा आवाज चिरकू लागला. चॅपलचे कारभारी आयव्हर खिळ्यांचं दुकान चालवत, म्हणून गाव त्यांना 'खिळे आयव्हर' म्हणे. ते माझ्याकडे बघून म्हणत, "हा प्रभूचं नाव घेतो की गुळण्या करतो, तेच कळत नाही." मी मान खाली घालून ऐके. नवा येईपर्यंत रविवारपुरता मी चालणार होतो.

रेव्हरंडना एकच मुलगी, नेस्टा. तिच्या आईचं नावही नेस्टाच. आई गेली, आणि साऱ्या खोऱ्याला साद घालणाऱ्या त्या माणसाचे घरातले शब्दच संपले. ते नाव तर त्यांच्या ओठांवर परत आलंच नाही. "चहा निवतोय, पोरी," इतकंच.

ते एकोणीसशे सत्त्याहत्तर साल होतं, पंक संगीताचं. पोरं फाटक्या कोटांना सेफ्टी पिना लावून फिरत आणि ज्याला त्याला आपला बँड काढायचा होता. नेस्टानेही काढला. ती गाणार, खाटकाच्या दुकानातला गेथिन गिटार वाजवणार आणि त्याची बहीण ब्लॉडवेन ड्रम बडवणार. भट्टीत जळून उरलेल्या कोळशाच्या खड्याला क्लिंकर म्हणतात. म्हणून नाव ठेवलं 'क्लिंकर्स'. तालमीसाठी नेस्टाने मला चॅपलमधून मागून नेलं. ती पहिल्यांदा ओरडली तेव्हा माझा घसा असा फाटला की मी शरमेने गरम झालो.

"याला दुरुस्त करू?" नेस्टाने विचारलं.

"हात तर लाव," गेथिन म्हणाला. "लंडनवाल्यांना असा घसा मुद्दाम बसवून घ्यावा लागतो. आपल्याला देवाघरून मिळालाय."

"तुला तीनच सूर येतात, त्याचं काय?" ब्लॉडवेन म्हणाली.

"चौथा शिकलो तर लोक म्हणतील, शेफारला."

मित्रांनो, ज्या खरखरीसाठी मी बोलणी खाल्ली, तिचं कौतुक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तो उन्हाळा मला अजून स्वप्नासारखा आठवतो. टेकड्यांवर मेंढ्या, खिडकीत धुकं आणि माझ्या पोटात नारिंगी उजेड.

पण उन्हाळा सरता सरता गेथिनला जहाजावर नोकरी मिळाली. बँड संपणार होता. नेस्टाला त्याआधी एकच गोष्ट हवी होती: वडिलांनी आपल्याला एकदा ऐकावं.

"शनिवारी या ना, डॅड. आमचा शेवटचाच कार्यक्रम आहे."

"शनिवारी प्रवचनाची तयारी असते, पोरी," ते म्हणाले आणि चहा ढवळत राहिले.

शनिवारी संध्याकाळी खाणकामगारांचं सभागृह भरलं. आता त्या वर्षीची एक रीत सांगतो, नाक मुरडू नका. गाणं आवडलं की पोरं गाणाऱ्यावर थुंकत. रागाने नव्हे, लाडाने. नेस्टा चिंब झाली होती आणि हसत गात होती. तेवढ्यात मागचं दार उघडलं. रविवारच्या प्रार्थनेसाठी मला परत न्यायला रेव्हरंड हातगाडी घेऊन आले होते. त्यांनी पाहिलं: आपली लेक उभी आहे आणि लोक तिच्यावर थुंकत आहेत.

ते गर्दी कापत थेट मंचावर चढले. तिच्यासमोर आडवे उभे राहिले आणि त्यांनी मायक्रोफोन ओढून घेतला.

"हिला आई नाही," ते म्हणाले. "मी आहे."

मग ते बोलत गेले. लेकरू म्हणजे काय, देवाने ते कुणाच्या भरवशावर टाकलेलं असतं. बोलता बोलता त्यांना हुइल चढली. गेथिनने हळूच त्यांचा सूर पकडला, ब्लॉडवेनने ठेका धरला. पिना लावलेली पोरं आ वासून ऐकत होती. आवाज शिखरावर पोहोचला, आणि सगळं सभागृह रेव्हरंडवर थुंकलं.

ते चष्मा पुसत उभे राहिले. नेस्टा हसत होती, रडतही होती.

"डॅड, त्यांना तुम्ही आवडलात."

"आवडलं की असं करतात?"

"आमच्याकडे असंच."

"मग न आवडलं तर काय करता?"

पण त्या कौतुकातलं थोडं माझ्या जाळीतून आत गेलं होतं. तापलेली काच तडकली आणि मी गप्प झालो. नेस्टाचं शेवटचं गाणं उरलं होतं. आता तिच्याजवळ उरला नुसता गळा. ती माझ्याविना गायली. त्या गाण्याचे शब्द माझ्या खरखरीत आजवर कुणालाच कळले नव्हते.

'सगळ्या खोऱ्याला हाक मारतोस. मला नावाने कधी हाक मारशील?'

रेव्हरंडनी हातातला मुका मायक्रोफोन खाली ठेवला. मग कसाबसा त्यांचा आवाज निघाला.

"नेस्टा."

आणि पुन्हा एकदा, "नेस्टा."

क्लिंकर्स तिथेच संपले. चॅपलने नवा ॲम्प्लिफायर आणला. मी रेव्हरंडच्या स्वयंपाकघरात फळीवर आलो. रेव्हरंड आता नाहीत. नेस्टा कधीमधी माझी धूळ पुसते. वेळ मिळाला तर तुम्हीही घरातल्या जुन्या यंत्रांवरून फडकं फिरवा, मित्रांनो. त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं. आणि घरात कुणी फार ओरडू लागलं तर आवाज कमी कर, असं लगेच म्हणू नका. जवळ जाऊन बसा. मी जन्मभर आवाज मोठा केला, पण ती दोघं एकमेकांना ऐकू आली ती मी गप्प झाल्यावर.