पट्टीखालचा तिसरा गडी

मी बोलतोय, आणि जरा घाईतच बोलतोय. एका जागी थांबायची सवय नाही मला. मूकपटांच्या जमान्यात थिएटरच्या दर्शनी दालनात जाड कागदावरची चित्रं टाचण्या मारून लावायचे ना, त्यातलंच मी एक कार्ड. बेसबॉलच्या एका चित्रपटाची आम्ही आठ भावंडं. चित्रपटाची रिळं केव्हाच जळून गेली. मागे राहिलो आम्ही.

माझ्या चित्रात नायक बॅट उगारून उभा आहे आणि त्याच्यामागे बाकावर पाच खेळगडी बसलेत. ते पाच जण नट नव्हेत. पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणगावचा खराखुरा संघ एका दुपारपुरता आणून बसवला होता. ऊन डोक्यावर, टोप्या कपाळावर, त्यामुळे फोटोत त्यांचे चेहरे काळवंडून आले. छापखान्यात आमच्या फोटोंवर कुंचला फिरवणारी एक मुलगी होती. नायकाचं नाक सरळ केलं, नायिकेचे गाल गुलाबी केले, तोवर तिची जेवायची वेळ झाली. मग तिनं बाकावरच्या पाचही जणांना एकच चेहरा काढून दिला. तेच नाक, तेच हसू. मागच्या लोकांकडे बघतंय कोण!

मग सुरू झाली भ्रमंती. चित्रपट आला की लाव, गेला की काढ, पाकिटात कोंब, पुढच्या गावी धाड. प्रत्येक गावानं कोपऱ्यात आपली टाचणी टोचली. दुखायचं, पण आवडायचंही. लोक माझ्यासमोर थांबत, शेंगदाणे चघळत, आणि आत शिरत.

शेवटच्या थिएटरात मालकाच्या बायकोनं पिठाची खळ केली आणि 'आज!' लिहिलेली लाल पट्टी थापकन माझ्यावर चिकटवली. नायकावर नको म्हणून बाकावर. पाचही गडी गुडघ्यापर्यंत झाकले गेले, खाली दिसत राहिले फक्त बूट. ते थिएटर बंद पडलं. मला कुणीतरी एका आरशाच्या पाठीला ठोकलं. मग काय, तोंड भिंतीकडे आणि वर्षानुवर्षं तो 'आज' काही उलटेना! जीव नुसता आंबून गेला.

आरसा फुटला तेव्हा सुटलो आणि फिरत फिरत हॉटेलच्या मोठ्या हॉलात भरणाऱ्या जुने कागद जमवणाऱ्यांच्या बाजारात पोचलो. तिथं क्लाइड होस्टेटर नावाच्या टकल्या गृहस्थानं मला उचललं, आणि भाव न करता चक्क पैसे मोजले. माझी सात भावंडं त्याच्याकडे होती. मी आठवा.

या संग्राहक मंडळींचा एक दंडक आहे. कागद जसा आला तसाच ठेवायचा. टाचणीचं भोक बुजवायचं नाही, डाग पुसायचा नाही, पट्टी काढायची नाही. क्लाइड तर या बाबतीत महाकर्मठ. बायकोनं, डोरीननं, एकदा कपड्यानं धूळ झटकली तर दोन दिवस घरात अबोला.

रविवारी जेवायला डोरीनची थेल्मा मावशी आली. सत्तरी उलटलेली, जीभ मात्र विशीतली. क्लाइडनं आम्हा आठांना टेबलावर मांडलं. केकचा तुकडा तिच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"बॅटवाला पुढे, मागे बाक," ती म्हणाली. "क्लाइड, यात माझा बाप आहे. एमिल. डावीकडून तिसरा. आई शंभरदा सांगायची."

तिनं बाप पाहिलाच नव्हता. ती पोटात असताना तो खाणीतल्या अपघातात गेला. त्याचा एकुलता एक फोटो आईनं त्याच्या शवपेटीत ठेवून दिला होता.

"काढ की रे ती पट्टी."

"मावशी, असं नाही चालत हो. पट्टी म्हणजे कार्डाचा इतिहास."

"वा रे जावईबापू! तुझ्या इतिहासाखाली माझा बाप बसलाय!"

क्लाइडनं मला आपल्याकडे ओढून घेतलं. थेल्मा मावशी केक तसाच टाकून निघून गेली. मी आपला मागून ओरडतोय. अगं बाई, नको हट्ट करूस! तिथं तुझा बाप नाही, एका भुकेल्या मुलीनं घाईत काढलेलं तोंड आहे. पण कागदाचं कोण ऐकतं?

क्लाइड आठवडाभर मला काढून बघायचा आणि परत ठेवायचा. डोरीन शेवटी वैतागली. "अंडी उबवतोयस का त्याच्यावर? एक काय ते ठरव!"

पुढच्या रविवारी त्यानं मावशीला बोलावलं आणि किटली चढवली. वाफ लागली, खळ सैल झाली, पट्टी हळूहळू सुटली. जाताना नायकाच्या कोपराचं कातडं घेऊन गेली. क्लाइड कळवळला, मी नाही. माझा जीव पुढच्या क्षणावर टांगलेला.

त्यानं भिंग धरलं. थाप मारता आली असती, पण कागदाबद्दल खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"मावशी... चेहरे रंगवलेत. पाचही सारखे. हा एमिल नाही."

थेल्मा मावशीनं भिंग ओढून घेतलं. "बघू. अगंबाई, पाच जुळे भाऊच! हा तर दाढीच्या साबणाच्या जाहिरातीतला वाटतोय." ती हसली, पण हसू ओठातच विरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंग तिनं खाली ठेवलं नाही. चेहऱ्यावरून छातीवर, छातीवरून गुडघ्यांवर आणलं. तिथं तिसऱ्या गड्यानं दोन्ही हातांनी बॅट धरली होती.

"हात पण रंगवलेत का रे?"

"छे. हात कोण बघतंय."

मावशीनं आपला उजवा हात माझ्याशेजारी टेकवला. करंगळी आत वळलेली, जन्मापासूनची. माझ्यातल्या तिसऱ्या गड्याची करंगळीही तशीच आत वळलेली, बॅटीवर न टेकणारी.

"या बोटावरून शाळेत पोरं चिडवायची मला," ती म्हणाली. "आईनं कधी सांगितलं नाही गं, डोरीन." आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

क्लाइडनं मला परत खोक्यात ठेवलंच नाही. मावशीला देऊन टाकलं. त्याच्याकडे पुन्हा सातच राहिले.

आता मी मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर आहे, चुंबकाखाली, खिडकीसमोर. दार उघडलं की जाऊन येतो, तेवढीच भ्रमंती. क्लाइड येतो आणि कपाळावर हात मारतो. "मावशी, या उन्हात हा दहा वर्षांत पांढराफटक पडेल!"

"पडू दे. मला तरी कुठं दहा वर्षं हवीत?"

तो पडदा ओढतो, तिची पाठ वळल्यावर. क्लाइड, बाबा रे, हात जोडतो, ओढू नकोस. सकाळी चष्मा सापडायच्या आधी ती बोटानंच बापाची ती वळलेली करंगळी शोधते. उजेड असला की चटकन सापडते.