डोल्माची अडलेली मेंढी

दौलताबादच्या पुढं, डोंगरांच्या बेचक्यात एक माळ आहे. तिथं मोबाइलला अजिबात रेंज येत नाही, आणि नेमका त्याचसाठी प्रेरणानं तो निवडला होता. शहरातल्या गारखेड्यात राहणारी ही तरुण इंजिनिअर एका नव्या उपग्रहसेवेची चाचणी घेत होती. शेजारी देशांनी मिळून उभी केलेली ही सेवा. दुर्गम गावांतल्या पशुपालकांना दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळावा म्हणून. सोबतीला नेपाळचा इंजिनिअर पासांग होता. जोडणी होती ती थेट त्याच्या मुलखातल्या एका उंचावरच्या गावाशी.

माळावर वच्छलाबाईंची मेंढरं चरत होती. साठी ओलांडलेल्या वच्छलाबाई माळावर उभारलेली उपग्रहाची डिश बघायला म्हणून आल्या आणि तिथंच टेकल्या.

दुपारी पडद्यावर चित्र आलं. बोलायला ठरलेला डॉक्टर दिसेना. दिसली डोल्मा नावाची रडवेली बाई. दरड कोसळून रस्ता बंद झाल्यानं डॉक्टर खालीच राहिला होता, आणि वर गावात तिची मेंढी सकाळपासून अडली होती. प्रेरणानं घाईघाईनं शहरातल्या डॉक्टरांना जोडून पाहिलं, तर ते शस्त्रक्रियेत होते.

"तोंड भाईर आलंय, पाय एकच दिसतोय," वच्छलाबाई पडद्याजवळ सरकल्या. "दुसरा आत मुडपलाय. ओढू नको म्हणावं तिला!"

प्रेरणानं ते हिंदीत सांगितलं, पासांगनं नेपाळीत. पण उपग्रहावरून जाणारा आवाज क्षणभर उशिरा पोचायचा. डोल्माचा प्रश्न आणि इकडचं उत्तर एकमेकांवर आदळू लागलं. गोंधळून डोल्मानं कोकराचं तोंड धरून ओढायला घेतलं.

"असं नाय जमायचं," वच्छलाबाई म्हणाल्या. "बोलणं ऱ्हाऊ द्या. मी करून दावते."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी गुंडाळून मेंढीसारखी मांडीवर घेतली आणि आत एक हात घातला. तेवढ्यात चित्र अडखळलं. हात कुठला आणि घोंगडी कुठली, काही कळेना. प्रेरणानं लॅपटॉप पाहिला. चाचणीची अखंड नोंद मागं चालू होती आणि निम्मी जोडणी तीच खात होती. नोंद तुटली तर तीन दिवसांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं.

"बंद कर," पासांग हिंदीत पुटपुटला. पण तोवर तिनं बटण दाबलंही होतं.

चित्र लख्ख झालं. वच्छलाबाईंनी हाताला तेल चोळल्यासारखं करून दाखवलं. पासांगनं एकच शब्द सांगितला, तेल. मग त्यांनी तोंड वेदनेनं वाकडं केलं आणि हात थांबवला. कळ आली की थांबायचं. चेहरा सैल सोडला आणि कोकराचं डोकं ढकलावं तशी मूठ हळूच मागं ढकलली. मग बोटाचा आकडा करून पाय वळवला, खूर तळव्यात झाकून बाहेर आणला. टोकदार खुरानं आत इजा होऊ नये म्हणून. डोल्मा त्यांच्या हातांकडं बघत तसंच करत गेली. एवढी यंत्रं जोडली आपण, पण त्यांवरून काय पाठवायचं हे या बाईला ठाऊक आहे, असं प्रेरणाला वाटून गेलं.

दोन्ही पाय दिसले. पुढच्या कळेला कोकरू घसरत गवतावर आलं. ते हलेना.

वच्छलाबाईंनी गवताची काडी उचलून स्वतःच्या नाकात घातल्यासारखं केलं. डोल्मानं तसंच केलं. कोकरू शिंकलं.

पासांग 'हुश्श' करत खाली बसला. डोल्मा हसत, रडत भराभरा काहीतरी बोलत होती.

"काय म्हणतीय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"विचारतेय, तुम्ही कुठल्या मोठ्या डॉक्टर?" पासांगचं हिंदी प्रेरणानं मराठीत केलं.

"सांग तिला, मीबी मेंढरंच राखते," त्या घोंगडी झटकत म्हणाल्या. "आन् कोकरू दूध पितंय का, ते आधी बघ म्हणावं."