पंख्यासमोर

व्हर्ना कुबिक धावपट्टीच्या कडेचं गवत कापून शेडपाशी आली, तेवढ्यात एमिल बेरानचा पिकअप फाटक तोडून आत घुसला.

नेब्रास्कातल्या त्या गावच्या नगरपालिकेचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याच्या काही शेड आणि सगळं बघायला एकटी व्हर्ना. उन्हाळाभर लायल रासमुसेनचं फवारणीचं विमान काय ते वरखाली करायचं. आत्ताही ते मक्यावरचं औषध भरून घेत होतं. लायल नळी धरून उभा होता. वेळेची खोटी नको म्हणून तो इंजिन बंदच करत नसे, त्यामुळे पुढचा पंखा गरगरत होता.

पिकअप थेट विमानाच्या शेपटीवर आदळला. एमिल खाली उतरला, हातात चाक खोलायची टॉमी.

"वारा माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांकडे होता, तरी फवारलंस," तो म्हणाला. "एक माशी जिवंत नाही. दारात ढीग पडलाय."

"माश्याच ना, म्हाताऱ्या? दुसऱ्या आण."

टॉमी लायलच्या तोंडावर बसली. दात तुटून हनुवटीवर रक्त आलं. दुसरा घाव खांद्यावर पडला. पण लायल वयाने निम्मा आणि अंगाने दुप्पट. त्याने टॉमी हिसकून फेकली, एमिलच्या नाकावर डोकं हाणलं आणि त्याची कॉलर धरून त्याला पंख्याकडे फरफटत न्यायला लागला.

"लायल, सोड त्याला!" व्हर्ना ओरडली.

लायलने वळून तिच्याकडे पाहिलं. ऐकू गेलं होतं त्याला. तरी तो ओढतच राहिला. एमिलची टोपी उडाली आणि पंख्यात तिच्या चिंध्या झाल्या.

विमान ओढायचा लोखंडी दांडा भिंतीला टेकवलेला होता. व्हर्नाने तो दोन्ही हातांनी उचलला आणि घातला. लायलचं कोपर कडकन मोडलं, तो गुडघ्यांवर आला.

एमिल सुटला. पण पळाला नाही. रांगत जाऊन त्याने टॉमी शोधली आणि पडलेल्या लायलच्या बरगड्यांत हाणली. परत उगारली, तेव्हा व्हर्नाने त्याच्या पिंढरीवर दांडा घातला. मग विमानाच्या पंखावर चढून तिने इंजिन बंद केलं.

"मला वाटलं, तू माझ्या बाजूने आहेस," एमिल कण्हत म्हणाला.

"पडून राहा. दोघंही."

एमिलला तुरुंगवास झाला. लायलचं कोपर पुन्हा सरळ झालं नाही, विमान विकावं लागलं. व्हर्नाने मुद्दाम माझा हात निकामी केला, असं तो गावभर सांगत फिरला.

शेवटी नगराध्यक्षांनीच तिला विचारलं, "नेम धरून कोपरावर मारलंस का गं?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "नेम डोक्यावर होता. तो वळला."

नगराध्यक्षांनी फाटक कधी दुरुस्त होतंय ते विचारलं.