पडद्याबाहेर राहिलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना अँड्रॉइड फोन आहे. आमची वर्गवारी दोन मापांनी होते. पडदा केवढा आहे, हे एक. लहान, मध्यम, मोठा की फार मोठा. दुसरं, त्याच्या एका इंचात प्रकाशाचे ठिपके किती दाट आहेत. मी दोन्हीकडे शेवटच्या बाकावरचा. लहान आणि विरळ.

डॅन्यूबकाठच्या एका खेड्यात मी त्स्वेतानकाकांच्या खिशात राहिलो. त्यांनी जन्मभर नदीवर मालबोटी चालवल्या. त्यांची मुलगी रादोस्तिना शहरात अ‍ॅप लिहायची. घरी आली की म्हणायची, "बाबा, टाका हो ते डबडं!"

"डबडं म्हणू नकोस त्याला! तुझा तो फोन आहे की चीज कापायचा पाट?"

दोघं हसायचे. मला बरं वाटायचं.

पुराचा इशारा देणारं अ‍ॅप तिनेच लिहिलं. त्यातलं 'मदत हवी' हे बटण दाबलं की बचावपथकाला ठिकाण कळत असे. तिने ते मायेने माझ्यातही घातलं. मात्र सगळी मापं तिने ठिपक्यांत मोजून लिहिली होती. दाट ठिपक्यांच्या मोठ्या पडद्यावर ती नेटकी दिसत. माझ्या विरळ ठिपक्यांवर तीच फुगली.

त्या वसंतात बांध फुटला. काका शेजारच्या स्तोइना आजींकडे धावले. आजींना चालता येत नव्हतं. घरात पाणी चढत होतं, म्हणून काकांनी त्यांना टेबलावर बसवलं आणि माझ्यातलं ते अ‍ॅप उघडलं. लाल इशाऱ्याने माझा पडदा भरून गेला. बटण खाली, पडद्याच्या बाहेर राहिलं. काकांनी बोट वर सरकवलं, खाली सरकवलं. काहीच हललं नाही. तातडीचा नंबरही सतत व्यस्तच लागत होता.

"त्स्वेतान, तू जा रे," आजी म्हणाल्या.

"गप्प बस. तुला सोडून कुठे जाऊ?"

ज्यांनी बटण दाबलं होतं, त्यांच्याकडे नावा आधी गेल्या. आमच्याकडे नाव आली, तेव्हा काकांनी आजींना छातीशी धरलं होतं. आजी गारठून गेल्या होत्या. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

रादोस्तिनाने मला हातात घेऊन अ‍ॅप उघडलं. पडद्यावर बटण कुठेच नव्हतं. "बाबा, बटण होतं हो! मी... मी या फोनवर पाहिलंच नाही."

काका हळूच म्हणाले, "होतं का? मला वाटलं, माझेच डोळे गेले."

ती रडली. मग तिने मापं नव्याने लिहिली. आता ठिपके विरळ असोत की दाट, बटण बोटाएवढंच राहतं. आणि पडदा लहान असला, तर मजकूर सरकतो. बटण माझ्यावर दिसलं, तेव्हा काकांनी त्यावर अंगठा ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही लोकांसाठी काही बनवाल. ते आधी माझ्यासारख्याच्या पडद्यावर उघडून पाहा. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला काही दिसलं नाही, तर त्याच्या डोळ्यांना दोष देऊ नका.