आधी बाहेर, मग आत

ढमीच्या आईचं नाक हे त्या घरातलं कमावतं नाक होतं आणि घरही त्याचा तसा मान राखून होतं.

साबणाच्या कारखान्यात ती वास घ्यायची. कामच ते. नव्या साबणाचं अत्तर तयार झालं की कागदाच्या पांढऱ्या पट्टीचं टोक त्यात बुडवायचं, पट्टी नाकाखाली धरायची, हनुवटी वर करायची, डोळे मिटायचे, सावकाश आत ओढायचं आणि सांगायचं. यात लिंबू जास्त झालंय. याला मागून रॉकेल येतंय. हा अंगाला लावला तर माणसाला दिवसभर दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल. कारखान्यात तिला 'नाकवाल्या बाई' म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि हल्ली सूचनाफलकावरसुद्धा.

हे काम तिला शिकवलं ते थोरल्या नाकाने. थोरलं नाक म्हणजे तिथले मुख्य परीक्षक. वयाने मोठे, मानाने मोठे, आणि नाकाने तर विचारूच नका. ते म्हणत, "बाई, नाक म्हणजे सोनाराचा काटा. त्याच्यावर फुंकर मारायची नसते. मी उभ्या जन्मात नाक शिंकरलेलं नाही. हलकेच टिपायचं. बस." त्या दिवसापासून बाईंनीही शिंकरणं सोडलं. एखादी व्रत घेते तसं.

घरात तर या नाकाची बडदास्त विचारू नका. फरशी साध्या पाण्याने पुसली जाई. तळायचं काही असेल तर गॅलरीत, दार लावून. शिंकरण्याचा आवाज म्हणजे तर अपशब्दच. ढमीचा बाप नाक शिंकरायला जिन्यात जाई. सासूबाई न्हाणीघराची कडी लावून, वर नळ सोडून शिंकरत. संध्याकाळी सून पट्ट्या घेऊन सरावाला बसली की टीव्हीचा आवाज बंद. सगळं घर श्वास रोखून बघत बसे, आणि ढमी सगळ्यात पुढे, अगदी आईच्या गुडघ्याशी.

मग ढमी बालवाडीत जायला लागली आणि तिथून रोज काही ना काही घरी आणायला लागली. एकदा दुसऱ्याच कुणाचा बूट, एकदा अर्धा खडू, आणि सर्दी मात्र न चुकता. नाकाच्या दोन धारा ओठावर आल्या की ती सूंऽऽ करून वर ओढी. अगदीच अनावर झालं की आईच्या डाव्या खांद्याला पुसून टाकी. कारखान्यात जाताना बाईंच्या खांद्यावर गोगलगाय चालून गेल्यासारखी चकचकीत रेघ असे, आणि दोन दिवसांत सर्दी खांद्यावरून नाकात.

सर्दीचं कारण कारखान्याच्या साहेबांनी एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं. मग बोलावून सांगितलं, "बाई, थोरले या महिनाअखेर निवृत्त होतायत. शुक्रवारी नव्या साबणाची परीक्षा झाली की त्यांची खुर्ची कुणाला ते ठरेल. तुमचं नाव आहे. पण पुन्हा सर्दी घेऊन आलात तर पॅकिंगला पाठवीन. तिथे नाक लागत नाही, बोटं लागतात."

झालं. ढमीला नाक शिंकरायला शिकवायचं, असं घराने मनावर घेतलं.

पहिला मान सासूबाईंचा. "त्यात शिकवायचंय काय? माझी तीन पोरं काय जन्मतः शिंकरत आली?" त्यांनी मांडीत पोर धरली, नाकाला रुमाल लावला आणि हुकूम सोडला, "शिंकर!"

ढमीने हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि सावकाश आत ओढलं. होतं नव्हतं ते सगळं वर गेलं. मग डोळे उघडून म्हणाली, "हं. साबण."

रुमाल साबणाने धुतलेलाच होता.

"आगाऊ कार्टी!" सासूबाई म्हणाल्या. पण लगेच सुनेकडे वळून, "नाक मात्र तुझ्यावर गेलंय हो." सुनेला तेवढ्यातही बरं वाटलं.

मग बाप पुढे सरसावला. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्याला पंपासारखी दिसे. त्याने टेबलावर कागदाचा कपटा ठेवला. "ढमे, हा नाकाने उडव." ढमीने तोंडाने उडवला. त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आता?" ढमीने असा काही श्वास ओढला की कपटा उडून थेट नाकपुडीला चिकटला.

बाप बघतच राहिला. "सक्शन काय आहे बघा! नवीन मशीनला नसतं असं. पण डिलिव्हरीच नाही. व्हॉल्व्ह उलटा बसलाय."

"मग खोलून बघ," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याच वर्कशॉपचा माल आहे."

शेवटी बालवाडीतल्या सल्लागार ताईंना विचारलं. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि आवाजात मध. "आपण मुलाला 'शिंकर' असं म्हणायचंच नाही. दडपण येतं. आपण नाकाशी मैत्री करायची. विचारायचं, नाका, नाका, तुला काही सांगायचंय का?" सासूबाईंनी नाकाला विचारून पाहिलं, अगदी गोड आवाजात. नाकाला काही सांगायचं नव्हतं. त्याला वाहायचं होतं.

आणि शुक्रवारी सकाळी बाई उठल्या त्या चोंदलेलं नाक घेऊनच.

वाफ घेतली. बाम चोळला. नाक जागचं हललं नाही. त्यात बालवाडीतून फोन, आज सर्दीवाल्या मुलांना पाठवू नका. सर्दी त्यांच्याकडूनच आलेली; परत घ्यायला मात्र ते तयार नव्हते. सासूबाईंची दाढ काढायची वेळ ठरलेली. बाप कुणाच्या तरी तळघरात गुडघाभर पाण्यात. बाईंनी ढमीला काखोटीला मारलं आणि कारखाना गाठला.

वास घ्यायच्या खोलीला काचेच्या भिंती. पांढरं टेबल, त्यावर बुचाच्या बाटल्या. एका टोकाला साहेब, शेजारी विक्रीप्रमुख, आणि मधल्या खुर्चीत थोरलं नाक. ढमीला टेबलाखाली बसवून हातात कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा दिला.

"आपला नवा साबण," साहेब म्हणाले. "पहाटदव. नाव मी सुचवलंय. वेष्टनं छापूनसुद्धा आली."

वास आवडायलाच हवा, हे सगळ्यांना नाक न लावताच कळलं.

विक्रीप्रमुखाने पट्टी हुंगली. "वा! साहेब, अनवाणी गवतावरून चालतोय असं वाटलं." थोरल्या नाकाने पट्टी घेतली, डोळे मिटले आणि एवढा वेळ मिटून ठेवले की साहेब काळजीत पडले. मग म्हणाले, "दव. निःसंशय दव."

"बाई?"

बाईंनी ओढलं. काही नाही. भिंत हुंगल्यासारखं. पुन्हा ओढलं. पुन्हा भिंत. 'दव' म्हणायचं, संपलं. एवढासा शब्द, आणि खुर्ची आपली. शब्द जिभेवर आलाही होता. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या काचेवर गेली. काचेत त्या स्वतःच दिसत होत्या. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, नाकाखाली पट्टी. आणि टेबलाखाली अगदी तेच ध्यान, फक्त लहान मापाचं. हनुवटी वर, पट्टी नाकाखाली, आणि दोन धारा सूंऽऽ करून वर चाललेल्या. दोघी मायलेकी जीव खाऊन आत ओढत होत्या आणि दोघींच्याही पदरात काही पडत नव्हतं.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला शिंकरून दाखवलंय कुणी? बाप जिन्यात. आजी कडी लावून. आणि आपण तर व्रतच घेतलेलं. या पोरीने जन्मात कधी बाहेर जाणारं नाक पाहिलेलंच नाही. नाकाशी काही धरलं की आत ओढायचं आणि निकाल द्यायचा, एवढंच तिने घरात पाहिलं. आणि पाहिलं तेवढं ती चोख करत होती. आपण सगळे मिळून तिला वेड्यात काढत होतो.

बाटल्या पुसायच्या टिश्यूंचा डबा टेबलावर होता. बाईंना एकदा पॅकिंगचा विभाग आठवला, तिथला चिकटपट्टीचा कर्रकर्र आवाज आठवला. मग त्यांनी टिश्यू ओढला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसल्या. "ढमे, इकडे बघ." एक नाकपुडी दाबली आणि शिंकरल्या.

कित्येक वर्षांचं साचलेलं. बंद पडलेली मोटार एकदम सुरू व्हावी तसा आवाज झाला. बाटल्या किणकिणल्या. विक्रीप्रमुखाच्या हातातली पट्टी पडली. थोरलं नाक खुर्चीतून उठलंच. "बाई! अहो, काटा!"

ढमीचे डोळे वाटीएवढे झाले. "आई, तुझं बाहेर पण जातं?"

"जातं."

"बाबाचं?"

"त्याचं पण. जिन्यात."

"आजीचं?"

"कडी लावून."

एवढी मोठी गोष्ट घरच्यांनी आपल्यापासून लपवली, याचा तिला राग आला असावा. तिने टिश्यू हिसकावला, एक नाकपुडी दाबली आणि पहिल्याच दमात असं शिंकरलं की स्वतःच मागे कलंडली. उठून तिने टिश्यूत नीट डोकावून पाहिलं आणि तो साहेबांपुढे धरला. "बघ!"

साहेबांना बघावं लागलं.

बाईंनी पट्टी पुन्हा नाकाशी नेली. आता भिंत नव्हती; दार सताड उघडलं होतं. "साहेब, हे दव नाही," त्या म्हणाल्या. "ओल्या गोणपाटावर मांजर झोपून गेलंय. वरून पुदिना टाकलाय."

साहेबांचा चेहरा लाल. "थोरल्यांना दव येतं आणि तुम्हाला मांजर?"

सगळे थोरल्या नाकाकडे वळले. थोरलं नाक कुणाकडेच बघत नव्हतं. ते टिश्यूच्या डब्याकडे बघत होतं. ढमीने डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि नवीनच शिकलेला माणूस शिकवतो तशा ठसक्यात म्हणाली, "आजोबा, आधी बाहेर. मग आत."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुढच्या आवाजाचं वर्णन करू नये. मोठा माणूस आहे. बराच वेळ लागला. मग ते आले, पट्टी हुंगली, आणि बाटल्यांमागून बाटल्या हुंगत सुटले. शेवटची बाटली त्यांच्याच हातून मंजूर झालेल्या, कारखान्याच्या सगळ्यात जुन्या साबणाची. ती हुंगून ते खुर्चीत बसले.

"हा वास आहे आपल्या साबणाला?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि लोक अंगाला लावतात?"

पहाटदव बाजारात गेलाच. वेष्टनं छापली होती ना. पण थोरलं नाक महिनाअखेरपर्यंतसुद्धा थांबलं नाही. आता सगळेच वास येतायत म्हणे, आणि साहेबांच्या खोलीत तर उभंच राहवत नाही. खुर्ची रिकामी झाली. विक्रीप्रमुखाला विचारलं, पण त्याने हात जोडले; त्याच्या धंद्यात वास न येणंच सोयीचं. उरल्या बाई. साहेबांनी खुर्ची दिली ती तोंड फिरवून, पण दिली.

संध्याकाळी सासूबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. बाप ओल्या पँटने दारात उभा. त्या दोघांपुढे ढमीने शिंकरून दाखवलं, आणि बाप ओरडला, "डिलिव्हरी सुरू झाली! आई, बघितलंस?" सासूबाईंनी सुजलेल्या तोंडाने जमेल तेवढं कौतुक केलं आणि त्या भरात न्हाणीघरात न जाता तिथेच, चारचौघांत, मनसोक्त नाक शिंकरलं.

मग ढमी आईच्या मांडीवर चढली आणि राहिलेलं सगळं तिच्या डाव्या खांद्याला पुसून टाकलं.

"अगं, आता येतं ना तुला?"

"येतं की," ढमी म्हणाली आणि तिथेच डोकं टेकलं.

आईने तिच्या केसांत नाक खुपसलं. खडू होता, घाम होता, बाम होता, आणि कुठेतरी ते मांजरसुद्धा होतं. तिने डोळे मिटून सावकाश आत ओढलं. निकाल मात्र सांगितला नाही.