एकशे बारा नंबरचे गीत

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, हाताने भाता मारायची पेटी तुम्ही पाहिली असेल. माझी तऱ्हा वेगळी. मला टेबलासारखे चार पाय आहेत. माझ्यासमोर स्टुलावर बसायचे आणि खालच्या दोन पट्ट्या पायांनी दाबत राहायचे. वाजवणाऱ्याचे पाय थांबले, की माझा श्वास संपला.

ज्या कारागिराने मला घडवले, तो माझ्या एकेका सुराला कान लावून बसे. काम संपल्यावर तो बायकोला म्हणाला, "सगळं जमलंय, पण हिचे खालचे सूर जरा जाडच झालेत."

"असू देत की," ती म्हणाली. "देवाशी सगळ्यांनी बारीक आवाजातच बोलायचं असं थोडंच आहे?"

अशी मी जाड आवाजासकट चर्चमध्ये आले. वेदीच्या डाव्या अंगाला, खिडकीखाली मला जागा मिळाली. वाजवायला होत्या बाई. त्या लोकांचे कपडे शिवून देत आणि रविवारी मुलांचा वर्ग घेत, म्हणून सगळी मंडळी त्यांना बाईच म्हणे. सहा दिवस शिलाईचे मशीन आणि सातव्या दिवशी मी. त्यामुळे त्यांच्या पायांना माझे ओझे कधी वाटले नाही. लग्ने, बाप्तिस्मे, दफनविधी, सगळीकडे आम्ही दोघी. आजोबांच्या दफनाला वाजलेले गीत नातवाच्या लग्नातही वाजताना मी ऐकले आहे. दोन्ही वेळा लोकांनी डोळे पुसले.

बाईंचे यजमान बस चालवत. मंडळी त्यांना ड्रायव्हरदादा म्हणे. ड्युटी संपवून ते युनिफॉर्मवरच उपासनेला येत आणि मागच्या बाकावरून खर्जात गात. "दादांनी सूर लावला, की चढावर बस पहिल्या गिअरमध्ये घातल्यासारखं वाटतं," असे चर्चचे पाळकसाहेब म्हणत आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतः दादाच हसत. त्यांचे आवडते गीत होते उपासनेच्या गीतपुस्तकातले एकशे बारा नंबरचे. ते लागले, की दुसऱ्या कडव्यापासून माझे खालचे सूर आणि दादा यांची जोडी जमे. पाने उलटायला माझ्याजवळ उभी असलेली त्यांची लहान मुलगी मागे वळून वळून बापाकडे बघे.

एके दिवशी दादा ड्युटीवरून घरी आले, "जरा पडतो," म्हणाले आणि उठलेच नाहीत.

दफनविधीला बाईंनी दुसऱ्या कुणाला माझ्याजवळ येऊ दिले नाही. "मीच वाजवते," त्या म्हणाल्या. "ह्यांना माझीच सवय आहे." त्यांनी एकशे बारा काढले. पहिले कडवे पार पडले. दुसऱ्या कडव्यात मात्र मागच्या बाकावरून येणारा आवाज आला नाही आणि बाईंचे पाय थांबले. माझा सूर विरत गेला. मंडळीही गायची थांबली. बाईंनी हलकेच माझे झाकण लावले आणि त्या उठल्या.

त्यानंतर ते गीत चर्चमध्ये कुणी घेतले नाही. तसे कुणी ठरवले नव्हते. बाईंना त्रास नको, एवढेच प्रत्येकाच्या मनात होते. नवे पाळकसाहेब आले, तेव्हा त्यांच्याही कानावर कुणीतरी घातले, "तेवढं एकशे बारा नको." बाई उपासनेला येत, पण माझ्याकडे फिरकत नसत. मग विजेवर चालणारा कीबोर्ड आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. माझ्यावर धुवायचे पडदे पडले, फुलदाण्या बसल्या. उंदरांनी भात्याच्या कातड्याला दात लावले. मला राग आला नाही, मित्रांनो. पण पडदे ठेवायला काही मला कुणी घडवले नव्हते.

मुलगी मोठी झाली. तिचे लग्न झाले, तिला बाळ झाले. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मायलेकी फुलदाण्या न्यायला त्या खोलीत आल्या.

"आई, उद्या एकशे बारा घेऊ या?" मुलगी म्हणाली.

"ते सोडून कुठलंही घे."

"मला तेच हवंय."

"हट्ट करू नकोस. तुला सगळं माहीत आहे."

मुलगी आईच्या समोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मला बाबांचा आवाज आठवत नाही."

बाईंच्या हातातली फुलदाणी हातातच राहिली.

"चेहरा आठवतो. युनिफॉर्मचा वास आठवतो. पण आवाज काही केल्या आठवत नाही. तुला विचारावं, तर बाबांचं नाव निघालं, की तू मशीनवर जाऊन बसतेस."

बाईंनी माझ्यावरच्या फुलदाण्या खाली ठेवल्या, पडदे उचलले आणि झाकण उघडले. पाय पट्ट्यांवर आले. माझा भाता धापा टाकू लागला. वरचे सूर नुसतेच फुसफुसले, पण खालचे बोलले.

"हा बघ, ह्यांचा सूर," बाई म्हणाल्या. "आणि इथे हे श्वास घ्यायचे. शब्दाच्या ऐन मध्यावर!"

"मध्यावर?"

"किती वेळा सांगितलं मी! तर म्हणायचे, प्रवासी हात दाखवेल तिथे गाडी थांबवावी लागते."

मुलगी खळखळून हसली. मग तिने गळा खाली नेऊन ती ओळ म्हणून पाहिली. "असं?"

"आणखी खाली. आणि पुढचे शब्द घाईघाईने. उशीर भरून काढायचे ना!"

दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. बाईंनी लगेच पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावून घेतले. त्याने माझ्या भात्याला ठिगळे लावली, पट्ट्यांवरची धूळ झटकली आणि "उद्यापुरती नक्की गाईल," असा निर्वाळा दिला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीखाली होते. बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी जरा बिचकतच आकडा सांगितला, "एकशे बारा." सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी पहिला सूर धरला. दुसऱ्या कडव्यात त्यांचे पाय थांबले आणि माझा आवाज गेला. पण पुढे बाळाला घेऊन उभी असलेली मुलगी गातच राहिली. तिच्यामागे सगळी मंडळी गात राहिली. कुणी थांबले नाही. बाईंनी ऐकून घेतले, पदराने डोळे पुसले आणि तिसऱ्या कडव्याला सगळ्यांना गाठले.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे एखादे नाव असेल, जे दुखेल म्हणून कुणी घेत नाही. त्या माणसाबद्दल मोठ्यांना विचारा. ते कसे हसत, काय गुणगुणत, त्यांना काय मुळीच जमत नसे, सगळे विचारा. ऐकता ऐकता कुणाच्या डोळ्यांत पाणी आले, तर घाबरून विषय बदलू नका. जवळ बसा आणि पुढचे विचारा.